खड्ड्यातलं मीठ

वाशीमच्या बाहेर बायकांचा दवाखाना उभा राहिला त्या उन्हाळ्यात मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं. म्हणजे तसं मला वाटत होतं. त्या बांधकामाला चार महिने तात्पुरती वीज पुरवण्याचं काम माझ्याकडे होतं. त्या विजेनं एक बाई गेली. तिच्या नवऱ्याशी मी नंतर खोटं बोललो. ते खोटं त्याला वाचवायला होतं की मला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. म्हातारपणी झोप कमी आणि विचार फार, म्हणून लिहून पाहतो आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. तार मिळत नव्हती, तेल परवान्यावर मिळायचं, आणि आमच्या भागात वीज म्हणजे कापसातली सरकी काढायच्या जिनातली. जिनवाल्यांकडे मोठं तेलाचं इंजिन असायचं, त्याला डायनामो जोडून ते आपल्या आवारापुरते दिवे लावायचे. कपाशीचा हंगाम संपला की उन्हाळ्यात जिन बंद, इंजिन नुसतं उभं. दवाखान्याच्या ठेकेदारानं तेच इंजिन चार महिन्यांसाठी मागून घेतलं. जिन एका टोकाला, दवाखान्याची जागा दुसऱ्या टोकाला, आणि मधे एका माळ्याचा मळा. जिनापासून मळ्यापर्यंत सागाच्या बल्ल्या रोवून तार ओढायची, मळ्यातल्या विहिरीवर मोटर आणि पंप बसवायचा, आणि पाणी नळानं बांधकामावर न्यायचं. चुना भिजवायला, विटा भिजवायला, स्लॅब टाकायला पाणी लागतं, आणि त्या वर्षी आसपासच्या विहिरींनी होळीलाच तळ दाखवला होता. पाणी टिकून होतं ते एकट्या माळ्याच्या विहिरीला.

माळी पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा, कमी बोलणारा. पहाटे उठून वाफ्यावाफ्यातून हिंडायचा आणि वांग्याच्या पानाला हात लावून बघायचा, जसा वैद्य नाडी बघतो. ठेकेदार पाणी मागायला गेला तेव्हा मी बरोबर होतो. माळ्यानं सरळ नाही म्हटलं. चार महिने पाणी तुम्हाला दिलं तर माझ्या वांग्या-मिरच्यांना काय पाजू, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. ठेकेदार तोंड वाकडं करून परत फिरला, तेवढ्यात झोपडीच्या दारातून माळीण बोलली.

"बायाचा दवाखाना होऊन राह्यला ना? मंग देऊन टाका पाणी. माहे दोन लेकरं अकोल्याच्या दवाखान्याच्या वाटंवर बैलबंडीतच गेले. आता कोनाचे नाई जायले पायजे."

माळी तिच्याकडे बघत राहिला आणि मग मान डोलावून वांग्यात निघून गेला. बोलणी तिथंच संपली. ठरलं असं की सकाळचे दोन तास पंपाचं पाणी मळ्याला, बाकीचा दिवस बांधकामाला. मोट ओढणारे त्याचे बैल चार महिने मोकळे. माळिणीला त्याचीच जास्त काळजी. बसून खायची सवय लागली तर पुढं बैलच काय, माणूसही कामाचा राहत नाही, असं ती माझ्याकडे बघून म्हणायची.

तिला मी मामी म्हणायला लागलो आणि त्याला मामा. हे आपोआप झालं, कारण आठवडाभरात मी त्यांच्याकडंच जेवायला लागलो होतो. माझं बिऱ्हाड जिनातल्या एका खोलीत. आई लहानपणीच गेलेली, स्वयंपाक येत नाही, आणि जिनाच्या चौकीदारानं केलेली भाकर फेकून मारली तर कुत्रं मेलं असतं. मामी दुपारी विहिरीवरच भाकर घेऊन यायची. ज्वारीची भाकर, कधी वांग्याची भाजी, कधी नुसता ठेचा, आणि वर बडबड. मी पुण्याकडच्या एका कारखान्यात वर्षभर राहून आलेलो, त्यामुळे शुद्ध बोलायचो. तेवढाच माज. मूळचा मी बाळापूरकडचा, घरी मले-तुलेच बोलत वाढलेलो, पण ते मी तिला कळू दिलं नव्हतं. माझ्या बोलण्याची ती नक्कल करायची आणि मामा न हसता हसायचा.

आता खड्ड्याविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं.

मोटरच्या लोखंडी अंगात कधी चुकून वीज उतरली, तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी आणि फ्यूज उडून सगळं बंद पडावं, यासाठी मोटरच्या अंगाला एक जाड तार बांधून ती जमिनीत पुरतात. त्याला आम्ही अर्थिंग म्हणतो. कोरडी जमीन वीज घेत नाही. म्हणून छातीएवढा खोल खड्डा खणायचा, तळाशी लोखंडाची सपाट, जाड पाटी ठेवून ती तार तिला बांधायची, तिच्यावर कोळसा आणि मीठ, पुन्हा कोळसा आणि मीठ असे थर भरायचे, आणि मधोमध, पाटीला टेकून, भोकं पाडलेला लोखंडी नळ उभा करायचा. त्या नळात रोज पाणी ओतलं की मीठ ओल धरून ठेवतं, मिठाचं पाणी आजूबाजूच्या मुरमात झिरपतं आणि विजेला वाट मोकळी होते. जिनात असाच एक खड्डा होता. विहिरीवर मोटरसाठी दुसरा हवा होता. विहिरीच्या काठापासून पाच पावलांवर, आंब्याच्या सावलीत, मी जागा धरली.

मामा वांगी खुडत होता. मी एक गोणीभर मीठ खड्ड्यात रिकामं करताना त्यानं पाहिलं आणि टोपली खाली ठेवून आला.

"मीठ? जमिनीत कायले?"

मी घामानं थबथबलेलो होतो, उन्हानं डोकं तापलेलं, आणि स्वभाव तेव्हाही असाच होता. मी म्हणालो की मामा, हे शास्त्र आहे, तुम्हाला ते समजायचं नाही. तुम्ही फक्त सकाळ-संध्याकाळ या नळात दोन-दोन घागरी पाणी ओतत जा. तेवढं केलंत तरी माझ्यावर उपकार होतील.

त्यानं खड्ड्यात पाहिलं. मिठाकडं पाहिलं. मग म्हणाला, "बरं." आणि टोपली उचलून गेला.

त्या माणसाला मी किती मोठी गोष्ट करायला लावतोय, हे मला माहीत नव्हतं. माळ्याच्या जातीत मळ्यात मीठ पडणं म्हणजे काय, हे मला फार नंतर कळलं. भाऊबंदकी विकोपाला गेली की लोक रातोरात एकमेकांच्या वाफ्यांत मीठ टाकतात. त्या जमिनीत मग दोन-तीन वर्षं काही धड उगवत नाही. मामाच्या बापाच्या पानमळ्यात त्याच्या सख्ख्या चुलत्यानं असंच मीठ टाकलं होतं, आणि त्या घरांत पुढं दोन पिढ्या लग्नाचंही बोलावणं गेलं नाही. आणि मी, पाहुणा, त्याच्या घरची भाकर खाऊन, त्याला न विचारता, विहिरीच्या काठावर गोणीभर मीठ पुरलं होतं. दोन वाक्यांत समजावलं असतं तर त्याला समजलं असतं. अडाणी तो नव्हता, माझ्या तोंडाला आवर नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला.

पहिल्या आठवड्यात मी खड्डा तपासला. त्याची एक साधी रीत होती. फळीवर पाच दिवे जोडायचे, फळीची एक तार चालू विजेला आणि दुसरी खड्ड्याच्या तारेला लावायची. दिवे लख्ख पेटले तर खड्डा खरा, मंद पेटले तर खोटा. दर बाजाराच्या दिवशी, काम बंद असताना, ही तपासणी करायची असं मी स्वतःच ठरवलं होतं. पहिल्या वेळी दिवे लख्ख पेटले. मामी बघायला आली होती. दिवसाढवळ्या दिवे लावतोस, तेल काय तुझ्या बापाचं आहे का, असं म्हणाली.

त्यानंतर मला दोन दिवस अकोल्याला जावं लागलं, फ्यूजची तार आणायला. ती तिथंही मिळाली नाही, पण ते असो. परत आलो तर माझ्या पाच दिव्यांतले तीन ठेकेदारानं आपल्या तंबूत लावायला नेलेले. दिवे तेव्हा सोन्यासारखे, आणि ठेकेदाराकडं जाऊन मागायची मला भीड वाटली. आज मागू, उद्या मागू करत राहिलो.

आणि मग पंधरा-वीस दिवसांनी एके सकाळी मी खड्ड्यापाशी गेलो तर नळाच्या भोवती हिरवंगार. कोथिंबीर. मामानं खड्ड्यावरच्या ओल्या मातीत धने टाकले होते आणि ते तरारून उगवले होते. मला फार गंमत वाटली. वाटलं, माळी तो माळीच, पाण्याचा थेंब वाया जाऊ देणार नाही. आणि मनात म्हटलं, चला, पाणी नियमित पडतंय याची ही पावतीच. एवढी हिरवी कोथिंबीर असताना खड्डा सुकलेला असणं शक्य नाही. दिवे मागायला मग मी गेलोच नाही. मामीनं त्या कोथिंबिरीचा ठेचा केला आणि मी तो मिटक्या मारत खाल्ला.

मिठाच्या मातीत कोथिंबीर उगवत नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या दहा वर्षांच्या पोराला हे सांगता आलं असतं. मला सुचलं नाही. मी विजेचा माणूस, मला पान दिसलं आणि पाणी दिसलं, माती दिसली नाही.

असे सात आठवडे गेले. दवाखान्याच्या भिंती वर आल्या. मामी रोज संध्याकाळी कामावरून एक चक्कर मारून यायची आणि येऊन मामाला सांगायची की आज खिडक्या बसल्या, आज दाराची चौकट आली. बाळंतिणींची खोली कुठली, हे तिनं ठेकेदाराच्या माणसाला विचारून घेतलं होतं. ती पूर्वेकडची होती. सकाळचं ऊन लेकराच्या अंगावर येईल म्हणून तिला ते बरं वाटलं.

त्याच खोलीचा स्लॅब टाकायचा दिवस होता. स्लॅब सुरू केला की मधे थांबवता येत नाही, त्यामुळे पाणी सकाळपासून सारखं हवं होतं. मोटर त्या दिवशी पहाटेपासून चालू होती, मळ्याचे दोन तासही मामानं सोडून दिले होते. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर भाजावा. एकीकडून मोटर तापलेली, दुसरीकडून पंपाच्या पट्ट्यावरून पाण्याचे शिंतोडे तिच्यावर उडत होते. आत गुंडाळलेल्या तारेवरचं सूत जुनं होतं, लढाईच्या आधीचं. ते कधी गळलं, मला कळलं नाही. मी कामावर होतो. मोटरच्या लोखंडी अंगात वीज उतरली. मोटर लाकडी चौकटीवर बसवलेली, त्यामुळे जायला वाट एकच, खड्ड्याची. वीज खड्ड्यापर्यंत गेली आणि तिथं अडून राहिली. फ्यूज उडाला नाही. मोटर तशीच चालत राहिली.

सकाळचं पाणी मामा ओतायचा, संध्याकाळचं मामी. दिवस कलायला आला तेव्हा ती नेमाप्रमाणं घागर घेऊन खड्ड्यावर आली. पायांत काही नाही. मातीला ओल. पितळी घागरीचा काठ तिनं लोखंडी नळाला टेकवला.

मामाची हाक मला दवाखान्यापर्यंत ऐकू आली. नुसता आवाज होता, शब्द नव्हता. मी पळत गेलो, विहिरीवरच्या खांबावरचा खटका ओढला. मामानं तोवर तिला दूर ओढलं होतं. त्याला धक्का बसला असणार, पण तो वाचला, कसा ते देवाला माहीत. मी तिची छाती दाबली, तोंडात फुंकलं, कारखान्यात शिकवलं होतं तसं सगळं केलं. ती गेलेली होती. घागर तिच्याजवळच पडलेली, पाणी सांडून गेलेलं. मी मामाकडं पाहिलं. तो तिचे पाय चोळत होता.

आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती सांगताना मला अजून राग येतो. अर्ध्या तासानं ठेकेदार आला, पदरानं झाकलेल्या तिच्याकडं बघून हात जोडले आणि मला बाजूला घेऊन विचारलं की पंप पुन्हा कधी चालू होईल, स्लॅब अर्ध्यावर आहे. मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी कामावरच्या बायांनीच घागरींनी पाणी वाहून तो स्लॅब पुरा केला. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तिला घेऊन नदीवर गेले. मी गेलो नाही. तारेपाशी कुणीतरी थांबायला पाहिजे, असं मी सांगितलं. मामानं मान डोलावली. त्याला वाटलं असेल, मिस्त्री आपलं काम सोडत नाही.

सगळे दिसेनासे झाल्यावर मी फावडं घेतलं. मीठ संपलं असेल, वाहून गेलं असेल, असं मला वाटत होतं. कोथिंबीर मुळासकट अलगद उचलून बाजूला ठेवली आणि खणायला लागलो. आत मीठ नव्हतं. कोळसाही नव्हता. काळी, भुसभुशीत, शेणखताच्या वासाची माती होती, आणि तिच्यात गांडुळं होती. नुसत्या गोड्या ओलीतून फ्यूज उडण्याइतकी वीज जमिनीत जात नाही. तळाची लोखंडी पाटी स्वच्छ धुतलेली. तार जशीच्या तशी, मी बांधली होती त्याच गाठीनं बांधलेली. किती मन लावून केलं होतं त्यानं ते. मी खड्ड्यात बसून राहिलो.

अकोल्याहून वीजखात्याचा साहेब तपासणीला येणार होता. खड्ड्यात मीठ नाही दिसलं तर विचारणार, कुणी काढलं. माळ्यानं काढलं असं निघालं तर बायकोच्या मरणाचं खापर माळ्यावर. आणि सात आठवडे तपासलं का नाही असं निघालं तर माझ्यावर. मी दोन्हींचा विचार केला. आधी कशाचा केला, ते नका विचारू. मी गावात जाऊन वाण्याकडून मिठाची गोणी आणली, जिनातून कोळसा आणला, माती काढून मळ्यात पसरली, खड्डा पहिल्यासारखा भरला आणि वर कोथिंबिरीचा थर परत बसवला. कुणाला कळणार नाही इतका नीट बसवला. नदीवरून माणसं परत आली तेव्हा मी हातपाय धुऊन बांधावर बसलो होतो.

साहेब तिसऱ्या दिवशी आला. त्यानं मोटर उघडून पाहिली, जळकं सूत पाहिलं, खड्डा थोडा उकरून मीठ पाहिलं आणि लिहिलं की मोटर जुनी असल्यामुळे अपघात झाला, कुणाचा दोष नाही. त्याला एवढं मीठ असताना फ्यूज का उडाला नाही, हा प्रश्न पडायला हवा होता. ऊन फार होतं आणि त्याला परतीची गाडी धरायची होती.

पाचव्या दिवशी मामा मला शोधत जिनात आला. मला वाटलं, जाब विचारायला आला. पण तोच गुन्हेगारासारखा उभा राहिला. मी खाट पुढं केली तर खाली बसला.

"मिस्त्री, तुले एक सांगाचं हाय. तू अकोल्याले गेलता तवा म्या तुहं मीठ काढलं. बंडीत भरून दूर पडितात नेऊन टाकलं. मळ्याजवळ मीठ मले पाहावलं नाई. तुले सांगाची हिंमत नाई झाली." मग मान खाली घालून विचारलं, "त्याच्यानं झालं का?"

मला त्या क्षणी सगळं खरं सांगता आलं असतं. त्यानं सांगितलंच होतं. पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. पाच दिवसांत त्यानं काही खाल्लेलं नव्हतं. मी म्हणालो की नाही मामा, मिठाचा यात काही संबंध नाही. मीठ आम्ही नुसतं रीत म्हणून टाकतो. मोटर जळली, म्हणून झालं. तुमच्या हातून काही घडलं नाही.

"खरं सांगून राह्यला?"

"खरं," मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले आणि छातीतून मोठा श्वास सोडला. जिनाच्या चौकीदाराकडची ती दगडासारखी भाकर मी त्याच्यापुढं ठेवली आणि त्यानं ती सगळी खाल्ली. मला बरं वाटलं. पुण्य केल्यासारखं वाटलं. आणि हेही वाटलं की सुटलो. दोन्ही एकदमच वाटलं, म्हणून तर मी आजवर घोळतो आहे.

काम थांबलेलं नव्हतं. नवी मोटर आली, मी ती बसवली, दिवे ठेकेदाराच्या तंबूतून काढून आणले आणि रोज खड्डा तपासायला लागलो. मामा रोज सकाळ-संध्याकाळ नळात पाणी ओतायला येत होता. आता मामीच्या वाटणीचंही तोच ओतायचा. मी नको म्हणालो तर ऐकलं नाही. ओतून झालं की कोथिंबिरीवरून हात फिरवायचा. माझ्याशी पूर्वीसारखाच कमी बोलायचा. मला वाटलं, दिवस जातील तसं निवळेल.

तेरवीच्या दिवशी सकाळी त्यानं मला बोलावणं धाडलं. मी गेलो. झोपडीसमोर मांडव घातलेला, मानोऱ्याकडं दिलेली त्याची मुलगी स्वयंपाकाला लागलेली, नातलग जमलेले. मामा मांडवात नव्हता. तो विहिरीवर, खड्ड्यापाशी बसला होता.

कोथिंबीर जळाली होती. उन्हानं वाळते तशी नाही. कडेपासून करपत आत आलेली, पानं तपकिरी, देठ लुळे, आणि खाली माती मात्र ओली. तिच्यावर पांढरा थर आलेला. मामानं ती माती बोटावर घेऊन जिभेला लावली आणि थुंकली. मला कळलं की हे त्यानं आज पहिल्यांदा केलेलं नाही. तो दोन-चार दिवसांपासून हे जाणत होता आणि आज मला दाखवत होता.

"मीठ रीतीपुरतंच असते म्हणला ना तू," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मंग तिले नदीवर नेलं तवा परत भरलं काहून?"

बारा दिवस मी जे जपून ठेवलं होतं ते त्याच्या बोटावर होतं. मला पहिल्यांदा वाटलं की हा म्हातारा मला विहिरीत ढकलून देईल तर बरं.

"मीठ असतं तं ते वाचली असती का?" त्यानं विचारलं. "खरं सांग. मले आता खरंच पायजे."

मी माझ्या घरच्या बोलीत बोललो. का, ते माहीत नाही. शुद्ध बोलून ते सांगता आलं नसतं.

"वाचली असती मामा. फ्यूज उडला असता. पण म्या सात हप्ते दिवे लावून पायलं नाई. पायलं असतं तं मले तवाच समजलं असतं. आन् तुमाले मीठ कायले लागते ते म्या सांगतलंच नाई कदी. तुमी इचारलं होतं."

मांडवातून बायांचा आवाज येत होता, कुणीतरी भांडी मांडत होतं. मला वाटलं तो रडेल, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. माझ्याच आलं, आणि त्याची मला चीड आली, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

"मंग दोघाईनं मिळून मारली आपुन तिले," तो म्हणाला.

तो गुडघ्यावर हात ठेवून उठला, कष्टानं उठला, आणि माझ्या कोपराला धरून मलाही उठवलं.

"चाल. पंगत बसून राह्यली."

मी येत नाही म्हणालो. माझ्यानं जेववणार नाही, असं म्हणालो. त्यानं कोपर सोडलं नाही. मांडवात त्यानं मला आपल्या शेजारी बसवलं, घरच्या माणसांच्या ओळीत, सख्ख्या भाच्यांच्या वर. कुणी काही विचारलं नाही. पत्रावळी आल्या, द्रोण आले. पोळी आली, वरण आलं, वांग्याची भाजी आली. वाढायला त्याची मुलगीच होती. तोंड थेट मामीचं, बडबडही तशीच असावी, पण आज डोळे सुजलेले. मी पानावर हात आडवा धरला, पुरे म्हणून. तिनं माझा हात बाजूला सारला आणि दुसरी पोळी टाकली, मग तिसरी.

"आईनं मले सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "मिस्त्री लाजते, पोटभर जेवत नाई. त्याले इचारू नोको, वाढत जाय."

मामानं पानावरून डोकं वर केलं नाही. मी वाढलेलं सगळं खाल्लं.